परमुलखातील चैत्र : स्थायिकाच्या वाङ्मयाची एक कसोटी

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मराठीत चांगलाच रुजला आहे. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकापासून पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’पर्यंत (१९६०) आणि पुढेही त्याची वाट वाचकप्रियतेची राहिली, आणि त्याची चिकित्साही पुष्कळ झाली. परंतु परमुलखात जाऊन तेथेच राहिलेल्या माणसाच्या लेखनाकडे एक निराळा प्रकार म्हणून आपण क्वचितच पाहिले आहे. ‘बृहन्महाराष्ट्रातील मराठी साहित्य’ असा मथळा देऊन लेखकांची नामावळी सादर करावयाची आणि त्यांच्या मराठीनिष्ठेचे कौतुक करून थांबावयाचे, अशी आपली रीत आहे. हे कौतुक मनापासून केलेले असते, यात शंका नाही. पण कौतुक म्हणजे परीक्षण नव्हे. ज्या लेखनाचे परीक्षण होत नाही ते वाढतही नाही. म्हणून या लेखनाला लावता येईल अशी एक साधी कसोटी येथे सुचवावयाची आहे.

प्रवासी मुलूख पाहतो. स्थायिकाला तेथे उन्हाळा काढावा लागतो. या एका भेदातून दोघांच्या लेखनाचे सर्व भेद निघतात. प्रवाशाला अपूर्व गोष्टी दिसतात, कारण त्याच्यापाशी दिवस थोडे असतात. स्थायिकाला पुनःपुन्हा येणाऱ्या गोष्टी दिसावयास हव्यात : कोणत्या महिन्यात पाणी आटते, कोणत्या पंधरवड्यात भाजी महागते, शेजारी कोणत्या दिवशी चूल पेटवीत नाहीत आणि का. तेव्हा स्थायिकाच्या वाङ्मयाला पहिला प्रश्न असा विचारावा की, यात तेथला एखादा महिना आहे काय? तोही वसंताचा असल्यास उत्तम. कारण वसंत हा सर्व ऋतूंत अत्यंत सांकेतिक ऋतू आहे. कोकिळा, मोहर आणि मलयवायू यांची शिदोरी प्रत्येक लेखकापाशी आयती असते. ती बाजूस ठेवून आपल्या अंगणातला वसंत जो लिहितो, तो तेथे खरोखर राहतो असे समजावे.

या कसोटीचे एक परकीय उदाहरण घेऊ. स्पेनविषयी इंग्रजांनी विपुल लिहिले आहे. बायबलचा प्रचार करीत तेथे हिंडलेल्या जॉर्ज बॉरोचे पुस्तक १८४३ साली निघाले व गाजले. त्यात रस्ते आहेत, जिप्सी आहेत, साहसे आहेत. जेरल्ड ब्रेनन हा दुसऱ्या जातीचा लेखक. पहिल्या महायुद्धातून सुटलेला हा तरुण १९२० साली सिएरा नेवाडाच्या दक्षिण उतारावरील येगेन या खेड्यात भाड्याचे घर घेऊन राहिला. बरोबर सुमारे दोन हजार पुस्तके होती आणि गाठीला पैसा बेताचा होता. १९३४ पर्यंत, मधूनमधून खंड पडून, त्याचा त्या गावाशी संबंध राहिला. लिटन स्ट्रेची आणि व्हर्जिनिया वुल्फ यांच्यासारखी मंडळी त्याच्याकडे पाहुणी आली व परत गेली. ‘साउथ फ्रॉम ग्रॅनाडा’ हे त्याचे पुस्तक पुढे १९५७ साली प्रसिद्ध झाले. त्याचे मोल त्या नामांकित पाहुण्यांत नाही. गावाचे खाणे, गावाच्या समजुती, वर्षाचे सण आणि विधी यांत ते आहे. त्या डोंगरात वसंतात बर्फ वितळते आणि जुन्या अरबी अमदानीपासून चालत आलेल्या पाटांनी शेतांना पाळीपाळीने पाणी मिळते. प्रवाशाला तेथे झुळझुळणारे पाणी दिसेल. पाळी कोणाची हे रहिवाश्यालाच ठाऊक असते.

ब्रेननची मर्यादाही सांगितली पाहिजे. गाव त्याने निवडला होता आणि मनात येईल तेव्हा तो सोडण्याची मुभा त्याला होती. शेजारच्या शेतमजुराला ती नव्हती. त्यामुळे त्याच्या चित्रणात जिव्हाळा असला तरी जोखीम कमी आहे. आमची स्थिती याच्या उलट आहे, आणि म्हणूनच हे उदाहरण मी घेतले. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला परत जाण्यासाठी गाव उरलेला नाही. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस पडला. तळाचे शहर झाले, पण त्याचे ‘लष्कर’ हे नाव कायम राहिले. दोन शतकांच्या वास्तव्यानंतर आम्ही पाहुणे नाही. मग आमच्या लेखनात पाहुण्याची नजर का राहावी?

मराठीत अशा नजरेचा अभाव मुळातच आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली, बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असे ऐकून, दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ नावाने प्रवास असला तरी वृत्तीने संसारी माणसाचे पुस्तक आहे. दक्षिणा किती मिळाली, जेवावयास काय होते, कोणत्या घरी कोणता विधी झाला, हे त्यांना आठवते. कारण पोट त्यावर अवलंबून होते. १८५८ च्या वसंतात झाशीवर इंग्रजांची फौज चालून येत असता राणीने चैत्रातल्या हळदीकुंकवाचा समारंभ केला, ही हकीकत त्यांच्याकडून कळते तेव्हा इतिहासाची मोठी घटना आणि घरातला लहान विधी एका वाक्याच्या अंतरावर येतात. तोफांची वर्णने इतरत्रही मिळतील. ते हळदीकुंकू मिळणार नाही.

या पुस्तकाच्या प्रकाशनाची कथाही आमच्या विषयाला धरून आहे. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले, तेव्हा मूळ लेखनावर संस्करणाचा हात फिरला होता. गोडसे भटजींची मूळ भाषा वाचकांपुढे आली ती १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती काढल्यावर. वैद्यांचे उपकार मोठे आहेत. त्यांच्यावाचून पुस्तकच हाती येते ना. पण घरगुती, ओबडधोबड मराठी छापण्याआधी नीटनेटकी करावी, ही वृत्ती तेवढ्यावर थांबली नाही. आज ग्वाल्हेरचा मराठी लेखक हे संस्करण संपादकाकडे कागद जाण्यापूर्वी स्वतःच उरकून घेतो.

याचे एक उदाहरण डोळ्यांपुढे आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी, आलमगिरी दरवाजा आणि गुजरी महाल यांच्या लगतच्या वस्तीला सारे गाव ‘किला गेट’ म्हणते. एक शब्द अरबी, दुसरा इंग्रजी; बोलणारी माणसे हिंदी, उर्दू आणि मराठी. घरात शुद्ध मराठी बोलणारी आजीबाईसुद्धा टांग्याला किंवा रिक्षाला ‘किला गेट’ असेच सांगत आली. परंतु हेच स्थळ आमच्या कथेत आले की त्याचे ‘किल्ल्याचे प्रवेशद्वार’ होते. व्याकरणाच्या दृष्टीने काही बिघडत नाही. पण त्या भाषांतराबरोबर तेथली गल्ली, हातगाड्या, मशिदीवरून येणारी बांग आणि चढावरून उतरणारी शाळेची पोरे नाहीशी होतात. उरते ते कोठल्याही किल्ल्याचे कोठलेही दार.

आता चैत्राकडे येऊ. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. होळी पेटून गेली की दुसऱ्या दिवसापासून आमच्या शेजाऱ्यांचा चैत लागतो. आमच्या घरात मात्र फाल्गुनाचा वद्य पक्ष चालू असतो. आमची रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमीची. शेजारच्या पंचांगात तीच तिथी चैत्र कृष्ण पंचमी. पुढे तीन दिवसांनी शेजारी शीतलेला शिळ्या अन्नाचा नैवेद्य दाखवितात, त्या वेळी त्यांचा चैत्र अर्ध्यावर येऊ लागलेला असतो आणि आमचा अद्याप उजाडावयाचा असतो. एका भिंतीच्या दोन बाजूंना पंधरा दिवस दोन निरनिराळे महिने नांदतात आणि पाडव्याच्या सकाळी शुक्ल पक्षाबरोबर पुन्हा एक होतात. असा चैत्र पुण्यात नाही, कोकणात नाही. तो येथला आहे. मराठीला हा विषय देऊ शकेल तर या बाजूचा लेखकच देऊ शकेल. आणि आमच्या लेखनात नेमका तोच क्वचित आढळतो.

त्याऐवजी काय आढळते? चैत्रगौरीच्या वर्णनात आंबेडाळ आणि पन्हे हटकून येते, आणि कैरी जणू परसातल्या झाडावरून उतरविलेली असते. वस्तुतः शुद्ध तृतीयेला गौर बसते तेव्हा येथल्या आंब्याचा मोहर नुकता गळून बारीक कैरी धरू लागलेली असते. डाळीत घालण्याजोगी कैरी बाजारात येते ती दूरच्या मुलखातून, आणि तिचा भाव विचारून गृहिणी हळदीकुंकवाचा दिवस अक्षय तृतीयेच्या बाजूला सरकविते. या सरकविण्यात एका समाजाचे सारे स्थलांतर साठले आहे. विधी दक्षिणेतून आला, झाड उत्तरेचे राहिले, आणि दोहोंमध्ये तडजोड करणारी बाई मात्र वाङ्मयात आली नाही. बाहेर पळसाची आणि सावरीची फुले सरत आलेली असतात, गव्हाची कापणी चालू असते, दुपारच्या वाऱ्याला लूची पहिली धग येऊ लागते. हे सर्व सोडून आम्ही आंबराईतल्या कोकिळेची वाट पाहतो.

या संदर्भात भा. रा. तांबे यांचा विचार करणे भाग आहे. मुंगावलीला जन्मलेला, मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांत आयुष्य काढलेला आणि १९३७ साली ग्वाल्हेरचा राजकवी झालेला हा कवी आमचा सर्वांत मोठा पुरावा आहे. त्यांच्या पुष्कळ कवितांबरोबर राग, जाती आणि रचनेचे ठिकाण नोंदलेले असते; अजमेर, लष्कर अशी नावे तेथे भेटतात. माझ्या मते ही नोंद अर्थपूर्ण आहे. उत्तरेचे गाणे तांब्यांच्या कवितेच्या रक्तात उतरले, तिच्या चालीत आणि लयीत ते ऐकू येते. उत्तरेचे दैनंदिन जीवन मात्र बहुधा कवितेच्या बाहेर, ठिकाणाच्या नोंदीतच राहिले. हा कवीचा दोष मानण्याचे कारण नाही. भावगीताला स्थळाची गरज बेताचीच असते. पण तांब्यांनी कानाने जे घेतले ते गद्यलेखकाने डोळ्यांनी घ्यावयास हवे होते, आणि ते काम अपुरे राहिले.

संगीतात हे काम कधीच पुरे झाले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे खेद अधिकच वाटतो. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली. कृष्णराव शंकर पंडितांसारख्या मराठी घरातल्या गवयांनी ती येथे सांभाळली. १९१८ साली भातखंड्यांच्या योजनेने येथे माधव संगीत विद्यालय निघाले. मराठी कंठाने ब्रज भाषेतला वसंत आणि बहार आपला म्हणून गायिला, आणि त्यामुळे आपले मराठीपण उणे झाले असे कोणा गवयाला वाटले नाही. लेखकालाच ते भय का वाटावे? गवयाचा श्रोता समोर बसलेला असतो, लेखकाचा वाचक पुण्या-मुंबईस असतो; हे त्याचे एक कारण असावे. दूरच्या वाचकाला ओळखीचे वाटावे म्हणून लेखक आपल्या अंगणाची ओळख पुसून टाकतो.

यावर एक आक्षेप येण्याजोगा आहे. साहित्य सार्वत्रिक असते. त्याला गल्लीबोळाचा हिशेब कशाला? शिवाय दूर गेलेल्या माणसाने मूळ गावाची आठवण जपली तर त्यात वावगे काय? वावगे काहीच नाही. पण आठवण ज्याची त्याला असावी लागते. कोकण सोडून आलेल्या पणजोबांचे कोकण खरे होते. पणतूचे कोकण वाचलेले आहे. आणि सार्वत्रिकतेविषयी म्हणावयाचे तर, शरच्चंद्र मुक्तिबोधांनी आपल्या कादंबरीला ‘क्षिप्रा’ (१९५४) हे माळव्यातल्या नदीचे नाव दिले, म्हणून ती मराठी वाचकाला परकी झाली नाही. त्यांचे थोरले बंधू गजानन माधव यांचा जन्म ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा. त्यांनी हिंदीत लिहिले आणि हिंदी कवितेत युगप्रवर्तक ठरले. एका घरातल्या दोन भावांनी दोन भाषा निवडल्या. या निवडीमागे अनेक कारणे असतील. परंतु तिने आमच्यापुढे टाकलेला प्रश्न स्पष्ट आहे. जगलेल्या जीवनाला मराठीत जागा मिळाली नाही तर ते जीवन दुसऱ्या भाषेकडे जाईल, आणि तेथे त्याचे स्वागतही होईल.

हा प्रश्न शाळेत रोज भेटतो. ‘वसंत ऋतू’ या विषयावर मराठी निबंध सांगितला की मुले आंबराई आणि समुद्रावरचा वारा लिहितात. हाच विषय हिंदीच्या तासाला दिला की त्यांच्या वहीत होळीची गुजिया, कडुनिंबाची गळणारी पाने आणि परीक्षेच्या दिवसांत जाणारी वीज येते. मूल एकच, महिना एकच. मराठी त्याला आजोळची भाषा वाटते आणि हिंदी राहत्या घराची. आजोळ कितीही गोड असले तरी माणूस तेथे सुटीपुरताच जातो. उद्या हे मूल मोठे होऊन मराठी विसरले, तर त्याच्या निष्ठेला दोष देण्याचा अधिकार आपणांस राहणार नाही.

१९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरीस भरले आणि कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने संमेलनाला पहिल्या स्त्री अध्यक्षा लाभल्या. त्या मानाचा आम्ही अद्यापही अभिमानाने उल्लेख करतो. परंतु संमेलन भरविणे हा पाहुणचार झाला. आमचे स्वतःचे देणे अजून राहिले आहे. अकादमीने बृहन्महाराष्ट्रातील पुस्तकांचे परीक्षण करताना ‘परक्या प्रांतात राहूनही लिहिले’ ही सवलत काढून घ्यावी आणि त्या प्रांतातले काय मराठीत आणले हे विचारावे. शिक्षकांनी निबंधाच्या वहीत ‘आलू’ दिसला की तांबडी रेघ ओढण्याआधी तो कोणाच्या घरचा आहे हे पाहावे. भाषेची शुद्धता सांभाळावयाचीच आहे. पण शुद्ध मराठीत खोटी आंबराई लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा, थोड्या मिश्र मराठीत किला गेटचा चैत्र लिहिणारा विद्यार्थी मराठीचा अधिक उपयोगी सेवक आहे, असे मला वाटते. त्याची विभक्ती पुढे सुधारता येईल. न पाहिलेला महिना कोणीही सुधारून देऊ शकत नाही.