पोरके पाळणे

दिवाळीच्या अंकात गंजलेल्या नटबोल्टांवर लिहावे, हे पुष्कळांना रुचणार नाही. फराळाच्या ताटात कोणी खडा आणून ठेवावा, तसे ते वाटेल. संपादकांनी मजकडे मागितली होती समीक्षा. त्यांच्या मनात एखादी कादंबरी किंवा नाटक असावे. परंतु गेल्या वर्षभरात माझ्या मनातून जे हलले नाही, ते पुस्तक नव्हे आणि नाटकही नव्हे. ते आहे शहराबाहेरचे एक करमणूक उद्यान. त्याचे नाव मी सांगणार नाही. कारण हा दोष एकट्या त्याचा नाही, आणि वाचकांपैकी प्रत्येकाने असे एखादे उद्यान पाहिलेलेच असेल. तेव्हा समीक्षा करायचीच, तर तिचीच करतो.

हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल तेथे गेली. सातवीची त्रेचाळीस मुले, दोन शिक्षक आणि एक शिपाई. इतवारीच्या गल्लीबोळांतून राहणाऱ्या मुलांना आकाश दिसते ते दोन माड्यांच्या मधल्या पट्टीएवढे. उंच चढून चहूकडे पाहणे ही त्यांच्या दृष्टीने वर्षाकाठची एखादी चैन. म्हणून आठ दिवस वर्गात दुसरा विषय नव्हता.

दारातच सिमेंटचा हत्ती उभा होता. त्याचा एक सुळा तुटला होता आणि तेथून आतली लोखंडी सळई बाहेर आली होती. परीच्या महालाचा गुलाबी रंग उन्हाने पांढरा पडला होता. कारंज्याच्या हौदात पाण्याऐवजी वाळलेली पाने होती. भूतबंगल्यात तर मोठीच गंमत झाली. अंगावर धावून यायचा सांगाडा दोरी तुटल्यामुळे मधेच अडकून बसला होता आणि त्याच्या खांद्यावरून विजेची उघडी तार लोंबत होती. मुले सांगाड्याला हसली. तारेला कोणीच भ्याले नाही. भिण्याची खरी वस्तू तीच होती.

मग आम्ही आकाशपाळण्यापाशी आलो. पाळणा थांबलेला. तो चालवणारा विशीबाविशीचा पोरगा खांबाला टेकून उभा होता. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “आज नाही चालवत जी, सर. मधल्या बेअरिंगातून आवाज येऊन राहिला.”

येथे मला माझीच गोष्ट सांगितली पाहिजे. मी त्या पोराला शाबासकी दिली नाही. त्रेचाळीस चेहरे माझ्याकडे पाहत होते. प्रत्येकाच्या घरून मी पैसे मोजून घेतले होते. मी आवाज चढवला. तिकिटात पाळण्याचे पैसे घेतले आहेत, काल तो चालत होता, मग आजच काय झाले, असे बरेच बोललो. आजूबाजूचे पालकही मला सामील झाले. गलका ऐकून व्यवस्थापक आले. त्यांनी पोराकडे पाहिलेही नाही. “काही होत नाही. चालव,” एवढेच म्हणाले. पोराने कळ दाबली. पाळणा कुरकुरत फिरू लागला. मुले वर गेली, ओरडली, खाली आली.

आणि काहीच झाले नाही.

वाचकहो, मला तेव्हापासून जी बोच लागून राहिली आहे, ती या ‘काहीच झाले नाही’ची आहे. अपघात झाला असता, तर मी जन्मभर अपराधी ठरलो असतो. तो झाला नाही. म्हणून व्यवस्थापक खरे ठरले, मी खरा ठरलो, आणि त्या दिवसापुरता खोटा ठरला तो एकटाच पोरगा, ज्याने कान देऊन यंत्र ऐकले होते. हयगयीचा सारा कारभार अशा दाखल्यांवर चालतो. काल काही झाले नाही, म्हणून आज तपासायचे नाही. आज काही झाले नाही, म्हणून उद्याही नाही.

करमणूक उद्यान ही एक कला आहे असे म्हटले, तर विद्वान हसतील. परंतु तिचे मर्म नाटकाहून फारसे वेगळे नाही. रंगभूमीवर राजा मरतो, प्रेक्षक रडतो, आणि नट जिवंत आहे हे त्याला ठाऊक असते म्हणूनच त्याला सुखाने रडता येते. आकाशपाळण्याचेही तसेच. पोटात गोळा येतो, माणूस किंचाळतो आणि खाली उतरल्यावर हसतो. ही खोटी भीती विकत घेण्यासाठीच आपण तिकीट काढतो. पण भीती खोटी राहायची, तर तिच्याखालचे लोखंड खरे असावे लागते. ज्या दिवशी खिळा झिजतो, त्या दिवशी भीती खरी होते आणि खेळ संपतो; बसणाऱ्याला मात्र ते कळत नाही. म्हणूनच फिकट रंग किंवा मोडका सुळा ही केवळ कुरूपता नव्हे. जे सर्वांना दिसते, तेच ज्याला सांभाळता आले नाही, त्याने न दिसणारे सांभाळले असेल यावर विश्वास कसा ठेवावा?

न दिसणाऱ्याचा हिशेब सोपा आहे. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच जागा पुनःपुन्हा वाकवीत राहिलो, तर ती बोटांच्या जोरानेही तुटते. पाळण्याचे सांधे दिवसातून शेकडो वेळा असाच ताण सोसतात. भेग पडते ती प्रथम केसाएवढी, बहुधा जोडकामापाशी आणि कित्येकदा रंगाच्या थराखाली. त्यातून आमच्या नागपुरात मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचे ऊन. त्याने प्लॅस्टिक तडकते, वंगण वाळते, आणि मागून येणारा पाऊस प्रत्येक फटीत शिरतो. इतवारीतल्या लोहा ओळीचे एक वृद्ध दुकानदार मला म्हणाले, “गुरुजी, लोखंड तुटायच्या आधी बोलते. ऐकणारा पाहिजे.” त्या पोराने ऐकले होते.

१४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादेत कांकरिया तलावाकाठच्या उद्यानात लंबकासारखा झोके घेणारा एक खेळ चालू असताना त्याचा मुख्य दांडाच मोडला. दोघांचा तेथेच अंत झाला, पंचवीसहून अधिक माणसे जखमी झाली, आणि हयगयीबद्दल चालकांना अटक झाली. तो रविवार होता. कुटुंबेच्या कुटुंबे तेथे आली होती. त्याआधी कितीतरी रविवार ‘काही होत नाही’ असेच गेले असतील.

यावर कोणी म्हणेल, की यंत्र जुने झाले की असे व्हायचेच. जुने पाडावे आणि नवे आणावे. हे मला मान्य नाही. म्हातारपण हा दोष नव्हे. व्हिएन्ना शहरातला प्रचंड पाळणा १८९७ साली उभा राहिला. १९४४ साली युद्धात तो जळाला. लोकांनी तो पुन्हा उभारला; परंतु पूर्वीच्या तीस खोल्यांपैकी पंधराच बसवल्या. जळून निघालेल्या चाकावर किती ओझे घालावे, याचा विवेक त्यांनी केला आणि तो पाळणा आजही फिरतो आहे. कोपनहेगनच्या टिव्होली उद्यानातली लाकडी घसरगाडी १९१४ सालची. तिच्या प्रत्येक गाडीवर अजूनही एक माणूस बसतो आणि उतारावर हाताने ब्रेक लावतो. शंभराहून अधिक वर्षांच्या त्या गाडीला कोणी जुनाट म्हणत नाही.

इतक्या दूर तरी कशाला जा? आमच्या नागपूरचा तान्हा पोळा पाहा. दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली तो सुरू केला असे सांगतात. महालातल्या भोसल्यांच्या वाड्यातला तो मोठा लाकडी बैल अजूनही सजून मिरवतो, आणि गल्लीतली पोरे आपले हातभर नंदी घेऊन रस्त्यावर येतात. त्यातले कित्येक नंदी आजोबांच्या वेळचे असतात. पोळा आला की त्यांची चाके घट्ट होतात, शिंगे रंगतात. आणि त्याच दिवशी आमच्या इतवारीतून मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची असे मानतात. ती दरवर्षी नवी बांधायची, गावची रोगराई आणि पीडा तिच्या माथी घालायची आणि वेशीबाहेर नेऊन जाळायची. एक करमणूक जपून टिकवलेली, दुसरी दरसाल नव्याने घडवलेली. दोन्हींना शेदीडशे वर्षे उलटली, तरी दोन्ही ताज्या. कारण दोन्हींना माणसे आहेत. आमची उद्याने यांच्या मधे लोंबकळतात. ती जपायचीही नाहीत आणि मोडायचीही नाहीत. उद्घाटनाला त्यांना शंभर बाप असतात. दुसऱ्या पावसाळ्यात एकही उरत नाही. दोष आहे तो या पोरकेपणाचा.

जत्रेतला रहाटपाळणा गरीब खरा, आणि तेथेही अपघात होतातच. मी त्याची भलावण करीत नाही. पण त्याच्या मालकाला तो गावोगाव उतरवून पुन्हा जोडावा लागतो. मनात असो वा नसो, प्रत्येक बोल्ट वर्षातून दहादा कोणाच्या तरी हातातून जातो. सिमेंटात रोवलेल्या पाळण्याला हा स्पर्श मुद्दाम करावा लागतो, आणि मुद्दाम करायचे ते आपल्याकडे राहून जाते. नव्या खेळाची जाहिरात होते, फीत कापली जाते, छायाचित्र निघते. वंगणाच्या डब्याची फीत कोण कापणार?

आमच्या फुटाळा तलावात संगीत कारंजी बसली आणि २०२२ साली चाचणीचे खेळ झाले, तेव्हा सारे शहर काठावर लोटले होते. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. तो वाद कोणाच्या बाजूने खरा, हे ठरवणारा मी कोण? परंतु पाण्यात उभ्या असलेल्या यंत्राला वाद कळत नाही. खेळ थांबला तरी गंज थांबत नाही. बंद वस्तूचीही निगा ठेवावीच लागते.

माझ्या पिढीने एस्सेलवर्ल्ड पाहिले ते बहुधा दूरदर्शनवरच्या जाहिरातीतून. १९८९ साली मुंबईजवळ गोराईला ते उघडले आणि २०२२ साली बंद झाले. नागपुरात बसून त्याची स्वप्ने पाहणारी मुले आज स्वतः आईबाप आहेत. दिल्लीचे अप्पूघर १९८४ साली निघाले आणि जागेच्या कारणाने २००८ साली मिटले. एका पिढीच्या आतच ही नावे आठवणी होऊन बसली. उलट पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ साली धावू लागली. आज आजोबा झालेले पुणेकर नातवाला तिची गोष्ट सांगतात, ती आपण स्वतः तीत बसलो होतो म्हणून. खेळ टिकतो, तेव्हा दोन पिढ्यांना एकच बालपण मिळते. निगा राखण्याचा हा लाभ कोणत्याही ताळेबंदात मांडला जात नाही.

मग करायचे काय? उद्याने बंद करा, असे मी म्हणणार नाही. गल्लीतल्या मुलाकडून त्याचे आकाश काढून घेण्यासारखे ते होईल. करायचे ते फार अवघड नाही. सकाळी दार उघडण्यापूर्वी प्रत्येक खेळ रिकामा फिरवावा; पट्टे, कड्या आणि बोल्ट हात लावून पाहावेत; पाहिले ते वहीत लिहावे आणि ती वही दारात टांगावी. वर्षातून एकदा जाणत्याकडून जोडकाम तपासून घ्यावे. रंगीत द्राव लावून पुसला की केसाएवढी भेगही उमटते, आणि ध्वनिलहरींनी आतला दोष कळतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाने ‘आज नाही’ म्हटले, तर ते ‘नाही’ मालकालाही मोडता येऊ नये.

याला पैसे लागतात, हे खरे. आणि येथे आपणही हिशेबात येतो. तिकीट दहा रुपयांनी वाढले की आपण कुरकुरतो, आणि पाळणा बंद दिसला की भांडतो. वही दाखवा, असे मात्र आपण कधी म्हणत नाही. मालकाला ‘काही होत नाही’ म्हणायला आपणच शिकवले आहे. मुलांना मी वर्गात विज्ञान शिकवतो, घर्षण आणि वंगण समजावून सांगतो, आणि तोच धडा एका पोराने प्रत्यक्ष म्हणून दाखवला तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो.

महिन्याभराने मी एकटाच पुन्हा तेथे गेलो. त्याची क्षमा मागावी असे मनात होते. पाळणा चालू होता. चालवणारा दुसराच कोणी होता; त्याला पहिल्याची माहिती नव्हती. हत्तीला तेवढा नवा रंग दिला होता, बाहेर आलेल्या सळईसकट.

या दिवाळीत सुटीच्या दिवसांत तुम्ही मुलाबाळांना घेऊन अशा एखाद्या उद्यानात जालच. जरूर जा. पाळण्यात बसा, पोटात गोळा येऊ द्या, खूप ओरडा. मात्र पाळणा बंद दिसला आणि कोणी पोरगा खांबाला टेकून ‘आज नाही जी’ म्हणाला, तर त्याच्याशी भांडू नका. त्याच्या हातावर फराळाचा एक लाडू ठेवा आणि मुलांना सांगा, की तुम्हां सर्वांत आज याचेच कान जागे आहेत.