मातीचा महाकाल

जपानी कुंभारांनीं घडविलेल्या सप्त भाग्यदेवतांच्या जुन्या मूर्ती पाहून आपल्याकडील रसिक बहुधा दोन उद्गार काढतो. प्रथम ‘किती गोजिरवाण्या!’ आणि मग, यांतील दाइकोकु म्हणजे आपला महाकाल हें कळल्यावर, ‘अरेरे!’ संहारकर्त्याचा तांदुळाच्या पोत्यांवर उभा राहणारा लंबोदर वाणी झाला, हा दैवताचा अधःपात होय, असा या दुसऱ्या उद्गाराचा आशय. तो आम्हांस मान्य नाहीं.

सातांपैकीं दाइकोकु, बिशामोन (वैश्रवण कुबेर) व बेंझाइतेन (सरस्वती) हीं मूळचीं आपलीं. होतेइ, फुकुरोकुजु व जुरोजिन चिनी. मासा काखेंत धरलेला एबिसु तेवढा अस्सल जपानी. वंशावळ एवढी पुरे. परंतु सातव्या शतकांत हिंदुस्थानांत आलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग काय सांगतो तें पाहावें. येथील मोठ्या विहारांत मुदपाकखान्याच्या खांबाशीं लांकडी महाकाल बसलेला असे. हातांत सोन्याची थैली, एक पाय खालीं सोडलेला, आणि नित्य तेल पुसल्यामुळें तोंड काळें झालेलें. म्हणजे अन्नपूर्णेचें काम या देवानें पत्करलें तें जपानांत नव्हे, आपल्याच घरीं!

ओकायामाकडील बिझेनच्या मूर्तींस झिलई नसते. लांकडाच्या दीर्घ आंचेनें व उडालेल्या राखेनें जो तपकिरी काळा रंग चढेल तोच. अशा दाइकोकूच्या गालावर त्या तेलकट काळिम्याची आठवण आपोआप उमटते. उलट, परदेशी बाजारासाठीं कुतानी धर्तीवर सजविलेल्या मूर्तींत झग्याच्या प्रत्येक चुणीला सोनें; देवापेक्षां शिंपीच अधिक दिसतो. संग्राहकांना मात्र त्याचें सुखदुःख नाहीं. ते मूर्ति पालथी करून ‘निप्पोन’, ‘जपान’, कीं दोस्तांच्या लष्करी अंमलांतील (१९४५–५२) ‘व्याप्त जपान’, हा शिक्का आधीं वाचतात. तोंडाकडे मागाहून पाहतात.

गोलाकार अंगाचे देव मातीला मानवतात, म्हणून होतेइ सहसा बिघडत नाहीं. फसते ती बेंझाइतेन. वीणेच्या जागीं बिवा आली याचें दुःख नाहीं. पण बारीक सुटा भाग वाळतांना तडकतो, म्हणून कुंभार वाद्य तिच्या छातीशीं दाबून बसवितो, आणि वाजविणारीं बोटें त्यांत बुडून जातात. वाजविणारी देवी पाहावयाची तर कामाकुरा येथील त्सुरुगाओका हाचिमान देवस्थानची १२६६ सालची लांकडी मूर्ति पाहावी. तेथें बोटें मोकळीं आहेत.