गाथेतील अवतरणे आणि कंसातील साल

मराठी प्रबंधांत अवतरणापुढे कंसात लेखकाचे नाव, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठांक देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. अर्वाचीन ग्रंथांपुरती ती सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु संतवाङ्मयास ती जशीच्या तशी लावली, की ‘तुकाराम १९५०’ असा विलक्षण निर्देश उमटतो. सतराव्या शतकातील कवीच्या नावापुढे हे साल कोणाचे? अर्थात मुंबई सरकारने छापविलेल्या गाथेचे. आणि तीही मुळात विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेल्या, १८६९ व १८७३ साली दोन भागांत निघालेल्या इंदुप्रकाश प्रतीवर आधारलेली.

नुसता अभंगांक दिल्यानेही काम भागत नाही. वारकऱ्यांत प्रचलित असलेल्या विष्णुबुवा जोगांच्या सार्थ गाथेतील क्रम सरकारी गाथेशी जुळत नाही. तेव्हा प्रत सांगितल्यावाचून अंक व्यर्थ होय.

भाषाभ्यासकाची अडचण याहून गंभीर आहे. जुन्या लेखनात ‘केलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘केले’ हे पुल्लिंगी अनेकवचन यांतील भेद अनुस्वार दाखवीत असे. १९६२ च्या नियमांनी हा अनुच्चारित अनुस्वार गेला. केशवसुतपूर्वकालीन पद्य मुळानुसार छापावे, अशी मुभा साहित्य महामंडळाच्या नियमांतच आहे; तरी अवतरण उतरवून घेताना विद्यार्थी (आणि क्वचित मार्गदर्शकही) आजच्या सवयीने अनुस्वार गाळतो, आणि पुढे त्याच रूपावरून लिंगवचनाची चर्चा करतो. मुळानुसार म्हणजे कोणत्या मुळानुसार, हे ठरविणारी जागा तो कंसच आहे. म्हणून तेथे गाथेचे संक्षिप्त नाव, अभंगांक आणि चरण एवढे तरी असावे. संपादक व साल ग्रंथसूचीत शोभतात. अभंगाचे आरंभीचे शब्दही दिल्यास दुसरी प्रत हाती असलेल्या वाचकास तो आद्यचरणांच्या सूचीतून काढता येतो.

मुद्रित प्रतींखेरीज गायिला जाणारा एक पाठ आहेच. देहूहून निघालेली तुकारामांची पालखी आषाढी वारीत आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरी मुक्कामास असते. तेथील भजनात ऐकलेला पाठ ध्वनिमुद्रित करून निबंधात उद्धृत करावयाचा असेल, तर त्यास गाथेचा अंक चिकटविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ‘आकुर्डी, भजन’ असे लिहून पुढे दिनांक द्यावा. छापील पाठाशी असलेला फरक स्वतंत्रपणे नोंदवावा.