वापरातील बंदूक आणि संग्रहातील बंदूक

जिम कॉर्बेट ह्यांच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ (१९४४) ह्या पुस्तकाची स्तुती बहुधा त्यातील वाघांकरिता होते. आम्ही ते ह्या खेपेस निराळ्या हेतूने वाचले. बंदूक वापरण्यासाठी बाळगणारा मनुष्य आणि ती संग्रहासाठी बाळगणारा मनुष्य ह्यांच्या दृष्टीत भेद कोणता, हे पाहण्यास ह्याहून चांगले साधन आमच्या आढळात नाही.

संग्राहकाची दृष्टी पाहावयाची तर विल्ब्रहॅम एगर्टन ह्यांचा हिंदी शस्त्रांवरील १८८० चा सचित्र ग्रंथ उघडावा. परिश्रम खरोखर वंदनीय आहेत. तथापि अशा ग्रंथाचा मुख्य प्रश्न वस्तू कोठली, कोणाची व कशी सजविलेली हाच असावयाचा. तोड्याची बंदूक पावसात दगा देई की काय, हा तेथे गौण. पुस्तकांच्या कपाटासंबंधाने हाच भेद आम्हां प्राध्यापकांसही लागू पडतो. पण ते असो.

आता कॉर्बेट पाहा. ‘जंगल लोअर’ (१९५३) मध्ये त्यांच्या बालपणीची पहिली बंदूक येते. ती ठासणीची दुनळी. एक नळी फुटलेली, आणि कुंदा व नळ्या पितळी तारेने करकचून बांधलेल्या. संग्राहकाने ती दारातूनच परत पाठविली असती. मुलाला मात्र एक नळी धड आहे, एवढे पुरे होते.

ह्याहून बोलका प्रसंग चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा. ४३६ मनुष्यांचे बळी तिच्या नावावर होते. १९०७ मध्ये कॉर्बेट तिच्या मागे गेले तेव्हा त्यांच्याजवळ रायफलीची तीनच काडतुसे होती. ती संपली, वाघीण जखमी झाली, पण उभी. तेव्हा ते धावत तहसीलदाराकडे गेले, त्याची बंदूक घेऊन परतले, आणि जवळ येऊन नेम धरतेवेळी त्यांच्या ध्यानी आले की, नळ्या व मागील ठोकळा ह्यांच्यामध्ये सुमारे तीन अष्टमांश इंचाची फट आहे. उलटी ज्वाळा डोळ्यांत येण्याचा धोका पत्करून त्यांनी चाप ओढला. नेम तोंडाचा, गोळी लागली पंजाला! सुदैवाने वाघीण आधीच्या जखमांनीच संपत आली होती.

संशयी टीकाकार म्हणेल की, सदतीस वर्षांनंतर छापलेल्या हकीकतीतील हे माप आठवणीने वाढविले असेल. असेलही. परंतु लेखकाला त्या बंदुकीचा कारखाना किंवा घडणीचे वर्ष सांगावेसे वाटले नाही, फट सांगावीशी वाटली, ह्यातच सारे आले. संग्राहकाच्या यादीत फट हा किंमत उतरविणारा दोष. येथे ती डोळे जाण्याची शक्यता आहे. कॉर्बेट ह्यांच्या गद्याला जो नेमकेपणा आहे तो आमच्या मते ह्याच जातीचा आहे. अलंकार थोडे, वर्णने आखूड, आणि प्रत्येक तपशील जिवाशी निगडित.

ह्या शिकारीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट ह्यांनी त्यांना ०.२७५ ची रिग्बी रायफल भेट दिली. कुंद्यावर चांदीची पट्टी होती. शोभेची म्हणून ती भिंतीवर गेली असती तर कोणी दोष दिला नसता. पण कॉर्बेट तिला रानोमाळ घेऊन हिंडले. त्यांच्या मृत्यूनंतर (१९५५) ती ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली, आणि २०१५ मध्ये मूळ कारखानदारांनी, जॉन रिग्बी कंपनीने, ती आपल्या संग्रहात घेतली. वापरात जी खरचट दोष होती, ती आता पुरावा झाली.

ह्यावरून संग्राहकाची थट्टा करणे आम्हांस मान्य नाही. त्याने जपली म्हणून ती रायफल आज पाहावयास मिळते. आमची तक्रार त्याच्या निवडीविषयी आहे. चांदीची पट्टी असलेली रायफल राहिली. तारेने बांधलेल्या दुनळीला आणि तहसीलदाराच्या बंदुकीला पट्टी कोण लावणार? त्या आम्हांस भेटतात त्या कॉर्बेट ह्यांच्या वाक्यांतच, आणि फट किती रुंद होती हेही तेथेच कळते.