पुसलेल्या फळ्याचे छायाचित्र

दिवाळी अंकांतून कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, क्वचित नाटकाची आणि चित्रपटाचीही होते. परंतु आपल्या घरात ज्या चित्रांचा सर्वांत जास्त वावर असतो, त्यांच्याविषयी आपण कधी चार ओळी लिहीत नाही. कंपनीचे कॅलेंडर, बँकेचे माहितीपत्रक, कारखान्याचा वार्षिक अहवाल, रस्त्याकडेचा फलक. यांतील छायाचित्रे कोणी काढली, कोणाच्या सांगण्यावरून काढली आणि त्यांत दिसणारी माणसे कोण, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. ही चित्रे पैसे देऊन काढवून घेतलेली असतात, म्हणून त्यांचा कलेशी संबंध नाही, असा एक समज रूढ आहे. तो मला मान्य नाही. आणि त्याचे कारण माझ्या टेबलावर पडलेले एक पान आहे.

पान गुळगुळीत कागदाचे. त्यावर एक मुलगी बाकावर बसलेली आहे. डावीकडच्या खिडकीतून आलेला सकाळचा उजेड तिच्या गालावर आणि वहीच्या कोपऱ्यावर पडला आहे. ती हसते आहे, पण कोणी ‘हस’ म्हटल्यावर हसतात तशी नव्हे. मागे फळा आहे, त्यावर इंग्रजी ‘ए, बी, सी, डी’ आणि त्याखाली तेलुगू अक्षरे. समीक्षक म्हणून मी म्हणेन की छायाचित्र चांगले आहे. उजेड ओळखणाऱ्या हाताने ते काढले आहे. मुख्याध्यापक म्हणून मात्र मला ठाऊक आहे की ती मुलगी आठवीतली आहे, त्या दिवशी वर्गात बीजगणित चालू होते, आणि शाळा मराठी माध्यमाची आहे.

घडले ते असे. एका कंपनीच्या अहवालासाठी छायाचित्रे काढायला वणीकडचा एक तरुण आमच्या शाळेत आला. कोणाच्याही पगारावर नसलेला, कामागणिक पैसे घेणारा छायाचित्रकार. हैदराबादच्या एका जाहिरात संस्थेने त्याला यादी दिली होती : एका दिवसात बावीस छायाचित्रे, पाण्याची टाकी, शिवणयंत्रे, दवाखाना, शाळा. कॅमेरा त्याचा, दिवे त्याचे, गाडीचे भाडे त्याचे. बिल मात्र दोन-दोन महिने अडकते, असे तो हसत हसत म्हणाला. मुलगा मर्यादशील. बाकाची जागा ठरली, खिडकीचा पडदा सरकवला गेला, आणि मग तो जरा अवघडून म्हणाला, “सर, फळ्यावरचं पुसू का? हैदराबादच्या साहेबांना वाचता यायला हवं.” फळ्यावर वार होता, दिनांक होता, पट आणि हजेरी होती, खाली एक समीकरण होते. डस्टर माझ्याच हाताशी होते. ते मीच त्याच्याकडे दिले.

तेलुगूशी आमचे भांडण नाही, हे आधीच सांगतो. आमची मुले ती शिकतात, बाजारात बोलतात, तिच्यात विनोद करतात. सीमेवरच्या घराला दोन दारे असतात आणि दोन्ही उघडी ठेवावी लागतात. माझा प्रश्न भाषेच्या अभिमानाचा नाही, चित्राच्या खरेपणाचा आहे. आठवीतल्या मुलीमागे ‘ए, बी, सी, डी’ लिहिले की ती पहिलीत जाते. मदत घेणारा जितका लहान दिसेल तितका मदत देणारा मोठा दिसतो. त्या फळ्यावरून केवळ एक लिपी पुसली गेली नाही, त्या मुलीची सात वर्षे पुसली गेली.

असे छायाचित्रकार आता खेडोपाडी का दिसतात, त्यालाही कारण आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले. त्या खर्चाचा अहवाल द्यावा लागतो, आणि अहवाल म्हटला की चित्रे आली. पूर्वी कारखान्याचा छायाचित्रकार भट्टी आणि धुराडे टिपून परत जाई. आता तो गावाच्या शाळेपर्यंत येतो. कायद्याची आणखी एक बाजू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो. म्हणजे वेगळे काही ठरले नसेल तर उजेड ओळखणारा तो तरुण त्या चित्राचा मालक नाही. मग जिचा चेहरा आहे ती तर कुठेच नाही.

तेव्हा प्रश्न असा की, मालकी दुसऱ्याची आणि मागणी दुसऱ्याची असताना छायाचित्रकाराच्या हाती उरते काय? आणि समीक्षकाने पाहावे काय? यासाठी दोन मोठ्या माणसांची कामे डोळ्यांसमोर ठेवू.

पहिला आपल्याच जुन्या संस्थानातला. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधना गावचा. रुरकीला शिकून इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले, तिथे कॅमेऱ्याचा नाद लागला आणि पुढे नोकरी सोडून त्यांनी तोच व्यवसाय केला. सिकंदराबादला स्टुडिओ थाटला, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले, ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब मिळाला. आपल्या लोकांना त्यांचे राजवाडे आणि शिकारीचे फोटो ठाऊक असतात. पण निजामांच्या सत्कृत्यांचा म्हणून जो संग्रह त्यांच्या स्टुडिओने केला, त्यात औरंगाबादकडच्या दुष्काळी कामांची छायाचित्रे आहेत, १९०० च्या आगेमागची. आजच्या भाषेत सांगायचे तर तो संस्थानाचा प्रसिद्धी-अहवालच. मागणी स्पष्ट होती : सरकारची दया दाखवा.

आता चित्रे पाहा. लंगोटी लावलेली माणसे कॅमेऱ्यासमोर आणून उभी केली आहेत. बरगड्या मोजता येतात. मांडणी दरबारी छायाचित्राचीच आहे, सरदारांना बसवावे तशी. फक्त समोर सरदार नाहीत. आणि त्या मांडणीमुळेच भूक अधिक दिसते. मथळा दयेविषयी बोलतो, शरीरे भुकेविषयी बोलतात. दीनदयाळांनी हे जाणून केले की नकळत झाले, याचा निवाडा मी करणार नाही. पण त्यांनी काही पुसले नाही, एवढे चित्रातच दिसते. जे मागितले ते त्यांनी दिले, आणि मागितले नव्हते तेही काचेवर उतरू दिले. सव्वाशे वर्षांनंतर दया कोणाची होती हे वाचण्यासाठी मथळा शोधावा लागतो. भूक शोधावी लागत नाही.

दुसरे मित्तर बेदी. जन्म १९२६, लाहोरचा, मृत्यू १९८५. मुंबईत लग्नसमारंभांचे वगैरे फोटो काढता काढता १९५९ च्या सुमारास ते औद्योगिक छायाचित्रणाकडे वळले, आणि पुढची पंचवीस वर्षे भारतातल्या कारखान्यांचे रूप म्हणजे बेदींचा कॅमेरा असे समीकरण झाले. तेलशुद्धीकरण, पोलाद, रसायने. आज मुंबईत, उद्या आणखी कुठे, कारखान्याच्या आवारात जाऊन काम. त्यांची काळीपांढरी चित्रे पाहताना मन थक्क होते. नळ्यांच्या रांगा तानपुऱ्याच्या तारांसारख्या ताणलेल्या. गोल टाकीवरची सावली अशी की लोखंड मऊ वाटावे. यंत्राला सौंदर्य असते, हे आपल्या डोळ्यांना ज्यांनी शिकवले त्यांत बेदींचे नाव फार वर आहे. देश नवा होता, कारखाने नवे होते, आणि त्या आशेला एक रूप हवे होते. ते त्यांनी दिले. त्यांना निव्वळ जाहिरातवाले म्हणणे हा अन्याय होईल.

तरीही अनेक चित्रांपुढे मी अडतो. माणूस आहे, पण टाकी किती मोठी हे कळावे म्हणून. त्याची पाठ दिसते, शिरस्त्राण दिसते. तो तुर्भ्याचा आहे की आणखी कुठला, हे चित्र सांगत नाही. आकाशही स्वच्छ, कुठलेही असावे असे. मागणी पूर्ण होते, अगदी उत्तम पूर्ण होते. पण मागणीबाहेरचे काहीच आत शिरत नाही. बेदींच्या हातातली सफाई हीच इथे भिंत होते.

हे मला आदिलाबादेत बसून जास्त जाणवते. आमच्याकडचा सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला, तो पुन्हा सुरू झाला नाही. कागजनगरची सिरपूर पेपर मिल २०१४ मध्ये बंद झाली. २०१८ मध्ये मालक बदलल्यावर पुन्हा चालू झाली, पण मधल्या चार वर्षांत तिथल्या घरांनी काय सोसले ते तिथल्यांनाच ठाऊक. कारखाना थांबला की नळ्यांची चित्रे जुन्या भंगाराची चित्रे होतात. त्याच चित्रात भोंगा झाल्यावर सायकल हातात धरून निघालेला, नाव असलेला एक माणूस असता, तर कारखाना बंद पडल्यावर त्या चित्राची किंमत वाढली असती. यंत्राचे सौंदर्य यंत्र चालू असेपर्यंतचे. माणसाचे तसे नाही.

यावर कोणी म्हणेल, गुरुजी, एका दिवसाच्या भाड्यावर आलेल्या माणसाकडून तुम्ही फार मागता. हा आक्षेप खरा आहे. आपल्याच डोंगरात मारलावाईला ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात गोंडांच्या वस्तीत राहिले. तेही निजाम सरकारच्याच कामावर होते. पण राहिले, भाषा शिकले, आणि १९४८ साली आदिलाबादच्या राजगोंडांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या पत्नी बेट्टी यांची समाधी मारलावाईतच आहे. त्यांच्या छायाचित्रांत माणसे ‘नमुना’ म्हणून उभी नाहीत, घरच्या पाहुण्यापुढे असावीत तशी आहेत. असे राहणे बिल अडकलेल्या तरुणाला परवडणार नाही, हे मला कळते. त्याच्याकडून मुक्कामाची अपेक्षा नाही. पण तीन गोष्टी एका दिवसातही होतात. समोरच्याचे नाव विचारून वहीत लिहावे. जे आहे ते पुसू नये. पुसा असे सांगितले गेले तर निदान एक चित्र न पुसता काढून यादीसोबत पाठवावे, निवड साहेबांची. आणि ज्याचा चेहरा घेतला त्याला एक प्रत द्यावी. यांतल्या एकाही गोष्टीला जास्तीचा उजेड लागत नाही.

आणि आपण, पाहणारे? आपण अशा चित्रापुढे एकच प्रश्न विचारावा, असे मला सुचवायचे आहे : यात मागितल्यापेक्षा जास्त काय आले आहे? कविता वाचताना आपण अर्थापलीकडचे शोधतोच ना? तोच हा प्रश्न. ज्या चित्रात मागणीबाहेरचे काही नाही ते चांगले वेष्टन आहे. ज्यात आहे ते चित्र आहे, मग पैसे कोणीही दिलेले असोत.

ही कसोटी मी टेबलावरच्या पानालाही लावली. पहिल्यांदा वाटले, इथे काहीच नाही. सगळे पुसले गेले. मग चष्मा काढून पान डोळ्यांजवळ धरले. ‘ए, बी, सी’च्या मागे एक फिकट आडवी रेघ दिसते, मध्ये मध्ये तुटलेली. डस्टर कोरडे होते. बाईंनी वार आणि दिनांक लिहिताना खडू दाबून ओढलेली ती शिरोरेषा आहे. अशी रेघ इंग्रजीला नाही, तेलुगूला नाही. हैदराबादच्या साहेबांना ती दिसली नसेल. त्या तरुणाला दिसली होती की नाही, कोण जाणे. चित्रावरचे डाग काढून टाकण्याची सोय आता संगणकात असते, म्हणून मला उगीच वाटते की त्याला दिसली होती आणि त्याने ती राहू दिली.

मुलीचे वडील सोयाबीन विकायला शहरात आले तेव्हा शाळेत डोकावले. “गुरुजी, पोरीचा फोटो पुस्तकात छापून आला म्हनते. आमाले पाहाले भेटन का?” प्रत येणार होती, ती आलेली नव्हती. मी ते पान अहवालातून कापून त्यांना दिले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “पन इचं नाव कुठी हाय?” पानावर कुठेच नव्हते. मग मी पेन काढले आणि चित्राखाली, कोऱ्या जागेत, तिचे पूर्ण नाव, इयत्ता आणि शाळेचे नाव देवनागरीत लिहून दिले. या लेखासाठी ते पान मी त्यांच्याकडून उसने आणले आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी परत करायचे आहे.