रसद आणि रस : अंतिम द्वंद्वाची एक मीमांसा

१

वीररसाच्या विवेचनात नायकाचा उत्साह, प्रतिनायकाचे सामर्थ्य आणि युद्धवर्णनाचे संकेत यांची चर्चा विपुल आढळते. युद्ध चालू असताना नायकाला बळ कोठून मिळते, हा प्रश्न मात्र बहुधा कथेच्या सोयीचा मानून सोडून दिला जातो. भाता रिता झाला तर पुढचा बाण कोण देतो, जखम कशाने भरून येते, आणि ही मदत नायकाच्याच वाट्याला का येते, याची विचारपूस समीक्षेने सहसा केलेली नाही. व्हिडिओ गेम या कथनप्रकाराचा गंभीरपणे विचार करायचा तर हा प्रश्न टाळता येत नाही. कारण तेथे नायकाचे प्राण आणि त्याचा शस्त्रसाठा पडद्यावर आकड्यांत मांडलेला असतो, आणि हे आकडे भरून काढणाऱ्या वस्तू जमिनीवर ठेवलेल्या दिसतात.

या खेळांत एखाद्या टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या बलाढ्य शत्रूस ‘बॉस’ म्हणतात. त्याच्याशी होणारा सामना म्हणजे त्या टप्प्याचे अंतिम द्वंद्व. द्वंद्वभूमीवर औषधाच्या पेट्या आणि दारूगोळा किती ठेवावा, तो संपल्यावर पुन्हा उत्पन्न व्हावा की नाही, की तो शत्रूच्याच देहातून मिळावा, हे निर्णय खेळ रचणाऱ्याला घ्यावे लागतात. या सर्व सामग्रीला प्रस्तुत लेखात ‘रसद’ असे म्हटले आहे. लेखाचे प्रतिपाद्य दुहेरी आहे : रसद कोठे ठेवली आहे यावर द्वंद्वाचा रस ठरतो, आणि ती कोणासाठी ठेवली आहे यावर संहितेची नीती ठरते.

या प्रतिपाद्याची कसोटी पाहण्यासाठी भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ निवडले आहे. भवभूतीने आपल्या कुळाचे गाव म्हणून उल्लेखिलेले पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे आजचे पदमपूर, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. तेव्हा भंडारा जिल्ह्यात असलेले हे गाव १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात मोडते. परंतु निवडीचे खरे कारण स्थलाभिमानापलीकडचे आहे. द्वंद्वात वापरलेले शस्त्र कोठून आले, या एका प्रश्नावर नाटकाचे रहस्य उभे करणारी ही संहिता आहे.

२

व्लादिमिर प्रॉपने १९२८ साली रशियन अद्भुतकथांची जी संरचना मांडली, तिच्या ३१ कार्यांत जादूची वस्तू मिळणे हे चौदावे कार्य आहे आणि नायक-खलनायकांचा संघर्ष सोळावे. दाता आधी भेटतो, नायकाची परीक्षा घेतो, वस्तू देतो आणि मग नायक रणात उतरतो. हा क्रम केवळ कालिक नाही. वस्तू मिळवण्याची पात्रता आधी सिद्ध झालेली असल्याने विजय नायकाच्या शीलाचे फळ ठरतो. द्वंद्वभूमीवर रसद ठेवणारा खेळ हा क्रम मोडतो. तेथे चौदावे कार्य सोळाव्याच्या पोटात शिरते आणि दाता अदृश्य होतो. पेटी कोणी ठेवली, हे कोणी सांगत नाही. तिच्यापर्यंत जिवंत पोहोचणे एवढीच परीक्षा उरते.

दाता अदृश्य झाला तरी पेटी मुकी नसते. दंडीने ‘काव्यादर्शा’त नायकाचा उत्कर्ष साधण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत. पहिल्यात नायकाचे गुण आधी वर्णून मग त्याच्या हातून शत्रूचा पाडाव दाखवायचा. दुसऱ्यात शत्रूचेच कुळ, पराक्रम आणि विद्या आधी वर्णून त्याला जिंकणाऱ्याची थोरवी वाढवायची. खेळातील रसद या दुसऱ्या मार्गाने जाते. ‘डूम’ (१९९३) या खेळाच्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटी ‘सायबरडेमन’ हा राक्षस येतो. त्याच्या रणभूमीवर रॉकेटांचे साठे मांडलेले असतात. सरावलेला खेळाडू निर्जन दालनात अशी चंगळ पाहतो तेव्हा त्याला आनंदाआधी धास्ती वाटते. एवढे दिले आहे त्या अर्थी तेवढेच लागणार आहे, हे त्याला कळते. प्रतिनायकाची स्तुती येथे दारूगोळ्याच्या भाषेत लिहिलेली असते.

३

साहित्यशास्त्राच्या परिभाषेत रसदेला उद्दीपन विभाव म्हणता येईल. आलंबन तोच राहिला, म्हणजे समोरचा शत्रू बदलला नाही, तरी रसदेची मांडणी बदलताच स्थायी भाव बदलतो. याचे तीन प्रकार पाहू.

‘हाफ-लाइफ २’ (२००४) मध्ये उडत्या युद्धयंत्रांशी सामना होतो तेव्हा जवळच रॉकेटांची एक पेटी असते आणि ती कधीच रिकामी होत नाही. खांडववनाच्या वेळी अर्जुनाला मिळालेल्या अक्षय भात्यांशी तिचे नाते सहज लक्षात यावे. अक्षय रसद चिंतेला हद्दपार करते. उरतो तो नेम, धैर्य आणि वेग. येथे स्थायी भाव उत्साहच राहतो आणि वीररस निर्वेध सिद्ध होतो.

‘रेसिडेंट ईव्हिल’ (१९९६) मध्ये उलट आहे. तेथे गोळ्या मोजक्या आणि जखमा भरणाऱ्या हिरव्या वनस्पतीही मोजक्या असतात. आज झाडलेली गोळी उद्याच्या द्वंद्वातून वजा होते. खेळाडूचे शौर्य तेवढेच असते, पण दर क्षणी त्याला आपल्या शिल्लकीचा हिशेब करावा लागतो. उत्साहाची जागा भय घेते. शत्रूचे रूप भयाला कारण होतेच. परंतु ते टिकवून धरते ती रिती होत जाणारी झोळी.

तिसरा प्रकार ‘सुपर मेट्रॉइड’ (१९९४) या खेळाच्या अखेरीस आढळतो. नायिका सॅमस ‘मदर ब्रेन’पुढे हतबल होऊन पडते. अशा वेळी, जन्मतःच तिला आई मानणारा एक परजातीय जीव मोठा होऊन परततो, शत्रूची शक्ती शोषून घेतो आणि सॅमसला अंगाखाली झाकून तिच्यात प्राण भरतो. तसे करताना तो मारला जातो आणि त्याच्या देहातून सॅमसला अमोघ अस्त्र लाभते. येथे औषध आणि दारूगोळा दोन्ही एका अपत्याच्या मरणातून मिळतात. त्यानंतरचा विजय वीराचा असला तरी त्याचा अंगी रस करुण आहे. रसदेला दाता मिळाला, त्याला चेहरा आणि नाते मिळाले, की ती करुणाकडे वळते, असा नियम येथून काढता येतो.

यावर कोणी म्हणेल की हा सारा अवघडपणाचा समतोल साधण्याचा तांत्रिक भाग आहे, त्यात अर्थ शोधणे अनाठायी होय. परंतु प्रत्यक्ष युद्ध रंगमंचावर दाखवू नये, हाही संस्कृत नाटकाचा तांत्रिक संकेतच होता. त्या बंधनामुळे भवभूतीने सहाव्या अंकाच्या आरंभी आकाशातील विद्याधर-दांपत्याच्या तोंडून लव-चंद्रकेतूंचे युद्ध वदवले. तंत्राची गरज आणि अर्थाची निर्मिती या दोन गोष्टी कलाकृतीत एकाच वेळी घडतात. समीक्षकाने पाहायचे ते दुसरीकडे.

४

‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्या पूर्वायुष्याची चित्रे पाहत असतात. त्यांत विश्वामित्राकडून रामाला मिळालेली जृंभकास्त्रे येतात. राम सीतेला त्यांना वंदन करण्यास सांगतो आणि यापुढे ती तुझ्या संततीच्या सेवेस येतील, असे म्हणतो. प्रेक्षकाला हे वाक्य गर्भवती पत्नीविषयीच्या कौतुकासारखे वाटते. नाट्यरचनेच्या दृष्टीने पाहता येथे रसद पेरली जाते.

पाचव्या अंकात ती उगवते. अश्वमेधाचा घोडा अडवणाऱ्या लवावर सैन्य चाल करून येते आणि लव जृंभकाने ते निश्चेष्ट करतो. चंद्रकेतू आणि सुमंत्र अचंबित होतात तो पराक्रमामुळे जितका, तितकाच त्या अस्त्रामुळे. कृशाश्वापासून विश्वामित्राकडे आणि त्याच्याकडून रामाकडे आलेले हे अस्त्र एका आश्रमवासी मुलाजवळ कसे? सहाव्या अंकात राम हाच प्रश्न लवाला विचारतो. ती आम्हा दोघांना आपोआप प्रकट झाली, असे उत्तर मिळते. शकुंतलेच्या मुद्रिकेचे काम येथे शस्त्र करते. दारूगोळा हेच अभिज्ञान होते. म्हणूनच या द्वंद्वाची परिणती कोणाच्या वधात न होता पिता-पुत्रांच्या ओळखीच्या दिशेने होते. आणि वीराच्या पोटात वाहणारा करुण वर येतो. रसदेला नाते मिळाले की रस बदलतो, हा वर काढलेला नियम येथे अधिक सूक्ष्म रूपात दिसतो.

याच प्रसंगात आणखी एक लक्षणीय तपशील आहे. लव पायी आहे हे पाहून चंद्रकेतू रथातून उतरतो, कारण रथस्थाने पदातीशी लढणे न्याय्य नाही. लव त्याला रथावरच राहण्यास सांगतो, तेव्हा चंद्रकेतू लवालाही दुसरा रथ देऊ करतो. आम्ही अरण्यवासी, आम्हाला रथाची सवय नाही, असे सांगून लव तो नाकारतो. प्रतिस्पर्ध्याने रसद देऊ करावी आणि नायकाने ती नाकारावी, अशी शक्यता वर पाहिलेल्या खेळांच्या व्याकरणात नाही. ‘डूम’मधील राक्षस औषधाच्या पेटीवरून चालत जातो, तरी ती त्याच्यासाठी अस्तित्वातच नसते. रणभूमी दोघांची दिसते, पण रसद एकाचीच असते. ज्याला आपण न्याय्य द्वंद्व म्हणून अनुभवतो, ते आरंभापासून एका बाजूला झुकलेले असते आणि तो झुकाव आपल्याला जाणवत नाही, कारण आपण त्या बाजूला असतो. रसद सर्वांना खुली असेल तर काय होते, हे ‘क्वेक ३ अरीना’ (१९९९) सारख्या परस्परांविरुद्धच्या खेळांत दिसते. तेथे ठरावीक काळाने पुन्हा येणाऱ्या पेटीवर प्रत्येकाचा सारखा हक्क असतो. तिथे नायकही उरत नाही, प्रतिनायकही नाही.

५

या दृष्टीने पाहता भवभूतीचे औदार्य कोठपर्यंत पोहोचते, हे तपासणे अटळ ठरते. रथातून खाली उतरण्याचा न्याय चंद्रकेतू ज्याला लावतो, तो लव त्याचा चुलतभाऊ आहे. त्याला ते ठाऊक नाही. नाटकाला ठाऊक आहे. लवाचे अस्त्र जन्मसिद्ध आहे. त्याने ते ना तपाने मिळवले, ना परीक्षेने. प्रॉपचा दाता येथे वंश आहे. मग ज्याला वंशाने काहीच दिले नाही आणि ज्याने तपानेच काही मिळवू पाहिले, त्याचे काय होते?

याचे उत्तर त्याच नाटकाच्या दुसऱ्या अंकात आहे. ब्राह्मणाचे मूल अकाली मरण पावले म्हणून राम दंडकारण्यात येतो आणि तप करणाऱ्या शूद्र शंबुकावर खड्ग चालवतो. येथे द्वंद्व नाही. शंबुकापुढे रथातून कोणी उतरत नाही, त्याला शस्त्र कोणी देऊ करत नाही. त्याच्या मरणाने ब्राह्मणपुत्र जिवंत होतो. आणि शंबुक दिव्य रूपाने प्रकट होऊन रामाविषयी कृतज्ञता व्यक्त करतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’वरील निबंधात शंबुकवधाचा विचार चातुर्वर्ण्याला आवश्यक असलेल्या दंडव्यवस्थेच्या अंगाने केला. रसदेच्या अंगाने पाहिल्यास त्याच प्रसंगाचे दुसरे रूप दिसते : शंबुकाचा देह हीच कोणा दुसऱ्याच्या प्राणांची रसद झाली आहे.

‘डूम इटर्नल’ (२०२०) या खेळाने हे तत्त्व उघडपणे रचनेत आणले. तेथे दुबळे शत्रू जवळून ठार केले की प्राण मिळतात आणि यांत्रिक करवतीने चिरले की दारूगोळा मिळतो. मोठ्या सामन्यांत असे दुबळे जीव पुन्हा पुन्हा निर्माण होत राहतात. त्यांच्या असण्याला दुसरे प्रयोजन नाही. ‘सुपर मेट्रॉइड’मधील जीव प्राण देतो, येथे ते काढून घेतले जातात. दान आणि लूट यांत फरक करणारी रेषा शस्त्रसाठ्याच्या आकड्यांत दिसत नाही. आकडा दोन्हीकडे सारखाच वाढतो.

भवभूतीला ही रेषा जाणवत होती, असे मानण्यास जागा आहे. शंबुकावर वार करण्यापूर्वी राम आपल्याच उजव्या हाताला उद्देशून बोलतो. गर्भवती सीतेला घालवून देणाऱ्या हाताला करुणा कोठून येणार, असा त्याचा आशय आहे. वारही तो कसाबसा करतो. नाटककाराची ही अस्वस्थता खरी आहे. परंतु मृताच्या तोंडी कृतज्ञता घालून तो ती लगेच शमवतो. लुटीला दानाचे रूप देण्याची ही रीत आहे, आणि नाटकाचा करुण सीतेपाशी जितका थांबतो, तितका शंबुकापाशी थांबत नाही.

पदमपूरशी नाते सांगितल्या जाणाऱ्या या कवीला बाराशे-तेराशे वर्षांनंतरच्या खेळांशेजारी बसवण्यात त्याचा अधिक्षेप नाही, तसेच खेळांना अभिजाततेचे प्रमाणपत्र देण्याचाही हेतू नाही. द्वंद्वाचे वाचन करताना आपण नायकाच्या हातातील शस्त्राकडे पाहतो. ते त्याच्या हाती कसे पोहोचले आणि वाटेत कोणाच्या हातातून गेले, हेही वाचले पाहिजे. ‘युद्धकांडा’तील संजीवनी, पोवाड्यातील वेढा आणि त्यातली कुमक, दलित आत्मकथनांतील भाकरीचा तुकडा, या सर्व ठिकाणी हा प्रश्न विचारता येईल. भाकरीच्या बाबतीत तो विचारण्याची रीत दलित साहित्याने आपल्याला केव्हाच घालून दिली आहे. शस्त्र आणि औषधाच्या बाबतीत वीररसाच्या समीक्षेने ती अजून अंगीकारायची आहे.