साक्षी कशाचे? मत्तय १८:१६ मधील एका पदाचा विचार

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात (वचने १५ ते १७) बंधुबंधूंमधील तंटा मिटविण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. अपराध्यास प्रथम एकांतात गाठावे. त्याने न ऐकल्यास एकादोघांस बरोबर न्यावे. तेही निष्फळ ठरल्यास मंडळीस सांगावे. मधल्या पायरीवरील या एकादोघांचा निर्देश ‘साक्षी’ असा होतो. ते नेमके कशाचे साक्षी, हा येथील खरा प्रश्न होय.

रूढ अर्थ न्यायालयीन आहे. ‘साक्षिन्’ हे पद पाणिनीने (५.२.९१) प्रत्यक्ष पाहणारा या अर्थी साधिले आहे, साहजिकच मराठी वाचकास साक्षीदार म्हटला की घडलेली गोष्ट डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य आठवतो. शिवाय दोघांतिघांच्या साक्षीचा नियम अनुवाद १९:१५ मधून घेतलेला असून तेथे तो अपराध सिद्ध करण्याविषयीच आहे.

परंतु उसना घेतलेला नियम नव्या संदर्भात जुनेच कार्य करतो, असे गृहीत धरता येत नाही. मत्तयातील साक्षी पहिली भेट फसल्यानंतर बोलाविले जातात. त्यांनी अपराध पाहिलेला असावा, अशी अट कोठेही नाही. सतराव्या वचनात तर अपराधी ‘त्यांचेही’ ऐकत नाही, अशी शक्यता गृहीत धरली आहे. म्हणजे हे साक्षी मुके नाहीत. ते समजूतही घालतात. ‘र्‍हेमा’ या ग्रीक पदाचा अर्थ, हिब्रू ‘दाबार’प्रमाणे, ‘उक्ती’ आणि ‘बाब’ असा दुहेरी आहे. तेव्हा भेटीत काय बोलले गेले, हेच त्यांनी प्रस्थापित करावयाचे, असा अर्थ सुसंगत ठरतो. तक्रारदाराच्या शब्दांवरही त्यामुळे आपोआप अंकुश राहतो.

१९४७ मध्ये कुमरान येथे सापडलेल्या ‘समाजनियम’ या गुंडाळीत, साक्षीदारांसमोर कानउघाडणी केल्यावाचून कोणाविरुद्धची बाब सभेपुढे नेऊ नये, असा दंडक आहे. तेथेही साक्ष आहे ती कानउघाडणीची.

न्यायालयीन अर्थ अगदीच निराधार आहे, असे मात्र नव्हे. १ तीमथ्य ५:१९ मध्ये वडिलांवरील आरोपासाठी दोनतीन साक्षी लागतातच. दोष आहे तो दोन्ही स्थळे एक मानण्यात. आणि तो केवळ पांडित्याचा नाही. यहोवाचे साक्षीदार या पंथात, आरोपीने कबुली न दिल्यास, अपराध सिद्ध होण्यास दोन साक्षीदार आवश्यक मानले जात, आणि त्यासाठी मत्तयातील हे वचनही आधाराला घेतले जाई. बालकांवरील लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियातील शाही आयोगाने २०१७ च्या अंतिम अहवालात, अशा तक्रारींना हा नियम लावू नये, अशी शिफारस केली. जो अपराध एकांतातच घडतो, त्यास दुसरा डोळा कोठून आणावा? मत्तयातील साक्षी समेटासाठी नेमलेले आहेत. त्यांना पुराव्याची अट बनविणे म्हणजे दुर्बळाचे तोंड बंद करण्याचे साधन बलवानाच्या हाती देणे होय.